पीनट बटर, मध, काकवी, गूळ: चिकट जिन्नस नेमका कसा मोजायचा?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या घरून पीनट बटरच्या कुकीज करून विकतात आणि संक्रांतीच्या दिवसांत शेंगा पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. कुकीजची कृती कपाच्या मापातली आहे. पीनट बटर कपात दाबून भरलं तरी काढताना बरंचसं कडेलाच राहतं, मधाचा चमचाही पूर्ण रिकामा होत नाही. एका खेपेला कुकीज छान होतात, पुढच्या खेपेला पीठ कोरडं पडून भेगा जातात, तर कधी तेल सुटून कुकीज ट्रेभर पसरतात. असा जिन्नस मोजायची खात्रीची रीत कोणती आणि त्यासाठी वजनकाटा घ्यावाच लागेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, काटा घ्या. तुम्ही विकता आहात, त्यामुळे तो तुम्हाला लागणारच. पण काटा आणल्यावर त्यावर कप ठेवून त्यात पीनट बटर भरू नका. तसं केलंत तर कडेला चिकटण्याची अडचण तशीच राहील. बरणीच काट्यावर ठेवा आणि बरणीतून किती बाहेर गेलं ते मोजा. माझ्या स्वयंपाकघरात पीनट बटर, मध, काकवी, कंडेन्स्ड मिल्क, चिंचेचा कोळ, सगळं असंच मोजलं जातं, आणि शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी हेच करायला लावते.

रीत अशी. बरणीचं झाकण काढा. ज्या चमच्याने किंवा स्पॅच्युलाने काढणार तो बरणीतच उभा ठेवा. बरणी चमच्यासकट काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा, म्हणजे ते ‘टेअर’चं बटण दाबा. आता पीनट बटर काढून पातेल्यात टाका आणि चमचा परत बरणीत ठेवून बरणी काट्यावर ठेवा. काट्यावर उणे आकडा दिसेल. उणे ११० दिसलं तर ११० ग्रॅम पातेल्यात पोचलं. १३० हवं असेल तर आणखी थोडं काढा. चमचा परत बरणीत ठेवणं यात फार महत्त्वाचं आहे. त्यामुळे चमच्याला जे चिकटून राहिलं ते अजून बरणीतच आहे असं काटा धरतो आणि जे खरोखर पिठात गेलं तेवढंच मोजलं जातं. चमचा निपटत बसायची गरज नाही, कप धुवायचा नाही, अंदाजही बांधायचा नाही.

काही काटे दोन-तीन मिनिटं हात लावला नाही तर आपोआप बंद होतात आणि शून्य विसरतात. मध्येच दुधावर लक्ष द्यायला गेलात तर सगळा हिशोब गेला. म्हणून मी शून्य करण्यापेक्षा बरणीचं सुरुवातीचं वजन कागदावर लिहून ठेवते. ६४२ ग्रॅम होती आणि १३० काढायचंय, तर बरणी ५१२ वर आली की थांबायचं. ही लिहायची सवय असली की साधा दुकानातला काटाही चालतो.

आता कप नेमका कुठे फसवतो ते पाहू, कारण ते कळलं की तुमच्या कुकीज एकदा कोरड्या आणि एकदा तेलकट का होतात तेही उलगडेल. मैदा किंवा रवा कपातून ओतला की सगळा खाली येतो. भरलं तेवढंच पातेल्यात गेलं असं तिथे धरता येतं. घट्ट पीनट बटरच्या बाबतीत तीन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे भरताना तळाशी आणि कोपऱ्यात हवेचे खिसे राहतात, वरून कप भरलेला दिसतो. दुसरी म्हणजे वरचा थर सुरीच्या पाठीने सपाट केला नाही तर उंचवटा राहतो आणि एक मोठा चमचाभर जास्तीचं जातं. तिसरी म्हणजे काढताना कडेला थर उरतो. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीने माप कमी पडतं, दुसरीने वाढतं. ज्या दिवशी घाईत निपटलं गेलं नाही त्या दिवशी पीठ कोरडं, ज्या दिवशी शीग भरली त्या दिवशी तेलकट. कृती तीच, हातही तोच, तरी हा फरक पडतो.

किती फरक पडतो याचा हिशोब करून पाहा. परदेशी कृतींमधला कप साधारण २४० मिलीचा असतो आणि त्यात नीट दाबून, सपाट भरलेलं पीनट बटर २५८ ग्रॅमच्या आसपास बसतं. त्यातलं २५ ग्रॅम कपाला चिकटून राहिलं असं धरा. पीनट बटरमध्ये साधारण निम्मं तेल असतं. म्हणजे पिठात सुमारे साडेबारा ग्रॅम तेल कमी गेलं, जवळजवळ एक मोठा चमचाभर. कुकीजच्या पिठाला मोठा चमचाभर तेल कमी पडलं तर भेगा जाणारच. पीनट बटर, साखर आणि एक अंडं अशा तीनच जिन्नसांच्या कुकीजची कृती पुष्कळजणी करतात. तिथे तर अंड्याचं वजन साधारण ठरलेलं, ५० ग्रॅमच्या आगेमागे, आणि पीनट बटर मात्र खेपेगणिक वेगळं. मग कधी गोळा वळतच नाही, कधी हाताला चिकटतो.

कपाच्या कृतीचं ग्रॅममध्ये रूपांतर करताना एक गोष्ट लक्षात असू द्या. ‘एक कप’ म्हणजे अमुक ग्रॅम असं सगळ्या जिन्नसांना लागू होणारं एकच उत्तर नाही. २४० मिलीच्या कपात पाणी २४० ग्रॅम, तेल किंवा पातळ केलेलं तूप २१८ च्या आसपास, पीनट बटर २५८, कंडेन्स्ड मिल्क ३०५ च्या जवळपास, आणि मध ३४०. काकवी मधाच्या जवळपासच जाते, लिक्विड ग्लुकोज, म्हणजे मिठाईत वापरतात तो घट्ट पारदर्शक पाक, तोही. म्हणजे मध पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, मध २१ ग्रॅम भरतो आणि पीनट बटर १६ ग्रॅम. पीनट बटरचा हा आकडा पाठ करायचीही गरज नाही. बहुतेक बरण्यांवर पोषणमूल्यांच्या चौकटीत एका वाढपाचं माप दिलेलं असतं, ३२ ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे. तिथून तुमच्या ब्रँडचं माप काढा. 

मधाच्या बाबतीत एक जुना घोटाळा आहे. अमेरिकन कृतींमध्ये ‘औंस’ लिहिलेलं असतं आणि ते कधी वजनाचं असतं, कधी आकारमानाचं. मधाच्या बाटलीवरचे १२ औंस हे वजन आहे, म्हणजे ३४० ग्रॅम. कोणी ते द्रव औंस समजून मापाच्या भांड्यात १२ च्या रेघेपर्यंत मध भरला तर दीड कप जाईल, म्हणजे ५०० ग्रॅमच्या वर. केक बसणारच. शिवाय आपल्याकडे मिळणाऱ्या मापाच्या कपांच्या संचात काहींचा कप २४० मिलीचा असतो, काहींचा २५० चा. ऑस्ट्रेलियातल्या कृतीत मोठा चमचा २० मिलीचा असतो, इतरत्र १५ चा. कृती कुठली आहे ते आधी पाहा आणि मग एकदाच ग्रॅममध्ये लिहून टाका.

खरं तर आपल्या बाजारात ही समज जुनीच आहे. ज्वारी, तूर, हरभरा मापाने मोजायचे. पायली, शेर, मापटं, चिपटं ही सगळी मापं धान्याची. गूळ आणि तूप मात्र तोलून घेतलं जायचं. गुळाचं मापटं भरून दिलेलं कोणी ऐकलं नसेल. चिकट आणि ढेकळाचा माल तोलायचा असतो हे आपल्या आजी-पणजींना माहीत होतं. कपाची मापं आपल्या स्वयंपाकघरात आली ती बेकिंगच्या पुस्तकांबरोबर, आणि ती मैदा-साखरेपुरती ठीक चालतात.

बरणी फार मोठी असेल, म्हणजे काकवीचा पाच किलोचा डबा किंवा लिक्विड ग्लुकोजची बादली, तर ती काट्यावर ठेवता येत नाही. घरगुती काटे बहुतेक पाच किलोपर्यंतच तोलतात. तिथे दुसरी रीत. कृतीत जो कोरडा जिन्नस पुढे घालायचाच आहे तो आधी पातेल्यात मोजून घ्या, साखर असेल तर उत्तमच. त्यात मधोमध खळगा करा, काटा शून्यावर आणा आणि मध किंवा ग्लुकोज त्या खळग्यात ओता. चिकटलं तर ते साखरेलाच चिकटेल, भांड्याला काहीच राहणार नाही. इथे धोका एकच, जास्त पडलं तर परत काढणं कठीण. मधाची धार आपण बाटली सरळ केल्यावरही थोडा वेळ पडत राहते. म्हणून हव्या असलेल्या वजनाच्या पाच-सात ग्रॅम आधीच हात थांबवायचा आणि धार तुटू द्यायची. लिक्विड ग्लुकोज घट्ट असतं, ते चमच्याने काढू नका. हात गार पाण्यात बुडवून ओल्या बोटांनी ओढून घ्या. ओल्या बोटांना ते चिकटत नाही, लगदा सरळ सुटून येतो. मिठाईवाले कारागीर असंच करतात.

काट्याचेही स्वभाव असतात. घरगुती काटा सपाट, पक्क्या ओट्यावर हवा, खाली टॉवेल नको, डोक्यावर पंखा जोरात नको. बॅटरी उतरली की आकडा भटकतो. आणखी एक गोष्ट चिकट जिन्नसाच्या बाबतीत हमखास आडवी येते. पुष्कळ काटे शून्याच्या जवळ अगदी हळू वाढणारं वजन ‘आपोआप हललेलं शून्य’ समजून पुसून टाकतात. मधाची बारीक धार थेंबाथेंबाने सोडली तर पहिले दोन-तीन ग्रॅम आकड्यात येतच नाहीत. उपाय सोपा आहे. सुरुवातीला एकदम चांगला चमचाभर टाका, मग हळू व्हा. पाच ग्रॅमच्या आतलं काहीही, म्हणजे व्हॅनिला, सोडा, मीठ, एक ग्रॅमच्या काट्यावर तोलू नका. तिथे चमच्याचंच माप बरं.

काटा नसेल तेव्हा काय करायचं हेही सांगते, कारण वीज, बॅटरी, प्रवास, माहेरी गेल्यावरचा स्वयंपाक, हे सगळं असतंच.

मध, काकवी, ग्लुकोज यांच्यासाठी चमच्याला किंवा कपाला आतून तेलाचा हात फिरवायचा. अगदी पुसटसा, ओघळेल इतका नको. मध सरळ घसरून खाली येतो आणि चमचा जवळजवळ स्वच्छ राहतो. कृतीत तेल असेल तर आधी त्याच चमच्याने तेल मोजा आणि लगेच त्यात मध भरा, वेगळं काही करायला नको. अंड्याचा पांढरा भाग फेसायचा असेल तिथे मात्र हा तेलाचा हात चालणार नाही. थोडासा स्निग्धांशही फेस बसवतो. तिथे चमचा कडकडीत गरम पाण्यात बुडवा, झटका, आणि मग मध भरा. गरम धातूला टेकलेला मधाचा थर पातळ होतो आणि सुटतो.

पीनट बटर किंवा घट्ट तुपासाठी कपाला आतून क्लिंग फिल्मचं अस्तर लावता येतं. भरून, दाबून, वर सपाट करून फिल्म उचलली की सगळा गोळा बाहेर. भरताना कप ओट्यावर दोन-तीनदा आपटायला विसरू नका, हवेचे खिसे बसतात. कृतीत दूध किंवा पाणी असेल तर त्यातलंच थोडं शेवटी कपात घालून खळबळून पिठात ओता. वेगळं पाणी मात्र घेऊ नका, प्रमाण बिघडेल.

एक साधन मला फार आवडतं ते म्हणजे मेडिकलच्या दुकानात मिळणारी बिनसुईची मोठी सिरिंज, ५० किंवा ६० मिलीची. नवी कोरी घ्यायची आणि ती फक्त स्वयंपाकघरातच ठेवायची. कोमट मध, काकवी तिने थेट ओढता येते आणि दट्ट्या दाबला की शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर पडते, कारण दट्ट्या आतली भिंत स्वतःच निपटत जातो. पीनट बटरसाठी पुढचं चोचीचं टोक शून्याच्या रेघेवर धारदार सुरीने कापून सरळ नळी करायची, मागून दट्ट्या काढून भरायचं आणि दाबून ढकलायचं. बाजारात यासाठी दट्ट्याचे मापाचे कप मिळतात, त्यांचं तत्त्व हेच. सिरिंजचा आणखी एक उपयोग असा की घरातल्या चमच्यांचं खरं माप तिने काढता येतं. चहाचा चमचा ५ मिलीचा समजून आपण वापरतो, पण कित्येक घरांत तो तीन-साडेतीनचाच असतो. एकदा पाणी भरून मोजून पाहा आणि तोच चमचा मापासाठी राखून ठेवा.

पाण्यात बुडवून मोजायची रीत पुस्तकांत वाचायला मिळते. मापाच्या जगमध्ये २४० मिली गार पाणी घ्यायचं, त्यात तूप टाकत जायचं, पाणी ३६० वर आलं की अर्धा कप तूप झालं, मग पाणी ओतून टाकायचं. थिजलेलं तूप, लोणी, वनस्पती तूप यांना ही रीत उत्तम आहे. फक्त ते तरंगतं, म्हणून चमच्याने पूर्ण पाण्याखाली दाबून धरून आकडा वाचायचा. पीनट बटर पाण्यापेक्षा किंचित जड, ते बुडतं, म्हणून पुष्कळजण त्यालाही हीच रीत सांगतात. मी सांगणार नाही. पीनट बटर म्हणजे तेलात माखलेले दाण्याचे कोरडे कण. त्यांना थोडंसं पाणी लागलं की ते कण एकमेकांना धरतात आणि पीनट बटर एकदम घट्ट, गुठळीचं होतं. कुकीजच्या पिठात ते नीट मिसळत नाही. आणि मध, काकवी, कंडेन्स्ड मिल्क तर पाण्यात विरघळूनच जातील, तिथे ही रीत अजिबात नाही.

आता ज्या गोष्टीकडे काटा घेतल्यावरही दुर्लक्ष होतं ती. बरणी ढवळलेली नसेल तर वजन बरोबर येऊनही जिन्नस चुकीचा जातो. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. कांडताना, दळताना ते मोकळं होतं. आपली सोलापुरी शेंगा चटणी खलबत्त्यात कुटली की तिला तेल सुटतं ते याच कारणाने, आणि चटणीत ते आपल्याला हवंच असतं. घरी मिक्सरमध्ये केलेल्या किंवा ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पीनट बटरमध्ये हे तेल काही दिवसांत वर येतं. इथल्या एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हाळ्यात तर फारच लवकर. नव्या बरणीतले पहिले १३० ग्रॅम काढले तर त्यात तेल जास्त, शेवटचे १३० काढले तर सुकलेल्या सिमेंटसारखा कोरडा लगदा. दोन्ही वेळा काट्याने १३० च दाखवलं. तुमच्या कुकीज एका बरणीत सुरुवातीला पसरतात आणि शेवटी भेगाळतात असं होतंय का, ते पाहा. तसं असेल तर दोष मापाचा नसून ढवळण्याचा आहे. बरणी उघडल्याबरोबर तळापर्यंत सुरी घालून पूर्ण एकजीव करा, लहान बरणी असेल तर दुकानातून आणल्यावर दिवसभर उलटी ठेवा, आणि मग फ्रिजमध्ये ठेवा. गारठ्यात तेल वर यायला वेळ लागतो. कंपनीच्या नेहमीच्या पीनट बटरमध्ये तेल वर येऊ नये म्हणून थोडा घट्ट वनस्पती स्निग्धांश घातलेला असतो, त्यामुळे ते वर्षभर एकसारखं राहतं. कुकीजसाठी मी तेच वापरते. नैसर्गिक पीनट बटर वाईट असं माझं म्हणणं नाही, पण ज्या कृतीत वाढपागणिक एकच चव आणि एकच आकार हवा, तिथे ते सांभाळावं लागतं.

फ्रिजमधलं घट्ट पीनट बटर काढताना चमचा वाकतो. वजन करण्याआधी बरणी ओट्यावर तासभर ठेवा. घाई असेल तर हवं तेवढं काचेच्या वाटीत काढून मायक्रोवेव्हमध्ये पंधरा-वीस सेकंद फिरवा. त्याने वजन बदलत नाही. थंडीत मध साखरेसारखा रवाळ झाला असेल तर बाटली कोमट पाण्यात उभी करा, उकळत्या पाण्यात नको, प्लास्टिकची असेल तर मुळीच नको. रवाळ मध कपात भरला तर हवा धरतो आणि माप कमी भरतं. तोललात तर रवाळ आणि पातळ दोन्ही सारखेच.

शेंगा पोळीबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या प्रश्नात ती एका ओळीत आली असली तरी पैसे आणि नाव दोन्ही तिथे जास्त पणाला लागतं. संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास ऑर्डरी एकदम येतात, चार हात एकाच वेळी कामाला असतात आणि प्रत्येकीची वाटी वेगळी. सारण पोळीतून बाहेर आलं, तव्याला चिकटून करपलं, की बहुतेक वेळा गूळ जास्त झालेला असतो. लाटताना सारण कोरडं सरकून कडा रिकाम्या राहिल्या तर गूळ कमी. किसलेला गूळ वाटीने मोजणं हे पीनट बटर कपाने मोजण्याइतकंच बेभरवशाचं आहे. ब्राउन शुगरचे आकडे छापील मिळतात: एक कप सैल भरली तर १४५ ग्रॅम, दाबून भरली तर २२०. किसलेला गूळ त्याच जातीचा, ओलसर, दबणारा. एकीने अलगद भरला, दुसरीने अंगठ्याने दाबला, तर एकाच वाटीत तिसरा हिस्सा इकडचा तिकडे होऊ शकतो.

म्हणून ढेपच काट्यावर ठेवा. ढेपेचं वजन लिहा, सुरीने चिरून घ्या, उरलेली ढेप परत ठेवा, फरक म्हणजे तुमचा गूळ. सुरीला, किसणीला, हाताला चिकटलेला तेवढा निपटून घ्या. शेंगदाणे भाजून, सालं पाखडून झाल्यावरच तोला; भाजताना ओल जाते आणि सालं गेली की वजन आणखी घटतं, त्यामुळे कच्च्या दाण्याच्या वजनावर गूळ धरला तर तो नेहमी जास्तच होतो. सारणाला मी कूट आणि गूळ वजनाने जवळजवळ सारखे घेते. कमी गोड खाणारं गिऱ्हाईक असेल तर ५०० ग्रॅम कुटाला ४०० ग्रॅम गूळ. त्याखाली गेलं तर सारण बांधलं जात नाही. चिक्कीचा गूळ शेंगा पोळीला घेऊ नका, तो तारेला येणारा, चिवट. पोळी गार झाल्यावर सारण दाताला धरतं. चिक्कीला तोच हवा.

पावसाळ्यात गूळ हवेतली ओल ओढून घेतो आणि मऊ, पाझरणारा होतो. त्या वजनात पाणीही आलं. अशा गुळाला काट्याचा आकडा शेवटचा शब्द मानू नका. सारण मुठीत दाबून पाहा, ओलं लागलं तर भाजलेल्या तिळाचं किंवा बेसनाचं थोडं पीठ घाला. गूळ हवाबंद डब्यात ठेवला तर ही वेळ येत नाही. संक्रांतीच्या कोरड्या हवेत हा त्रास फारसा होत नाही.

तुमच्या कुकीजची कृती ग्रॅममध्ये आणायची तर पुस्तकातल्या आकड्यांवरून थेट करू नका, कारण तुम्हाला ज्या खेपेला छान जमल्या त्या खेपेला कपातून नेमकं किती गेलं ते पुस्तकाला ठाऊक नाही. पुढच्या खेपेला नेहमीच्याच कपाने, नेहमीच्याच हाताने करा, पण पीनट बटरची बरणी, साखरेचा डबा, मैद्याचा डबा प्रत्येक काढण्याआधी आणि काढल्यानंतर तोला आणि लिहा. मैदाही यात धरा. डब्यात कप खुपसून भरला तर तो १४० ग्रॅमच्या वर जातो आणि चमच्याने अलगद भरून सपाट केला तर १२० च्या आसपास राहतो. कुकीज कशा झाल्या ते आकड्यांशेजारी लिहा: भेगा, पसरणं, रंग, किती मिनिटं भाजल्या. ज्या खेपेच्या कुकीज तुमच्या मनासारख्या झाल्या तिचे आकडे म्हणजे तुमची कृती. पीनट बटर पाच-पाच ग्रॅमने वरखाली करून आणखी एक-दोनदा पाहा, तुमच्या ओव्हनला आणि तुमच्या ब्रँडला काय मानवतं ते कळेल. नंतर ऑर्डर पाचपट आली तर सगळ्या आकड्यांना पाचने गुणा. पीनट बटर पाचपट मोजताना एकाच बरणीतून काढू नका. दोन-तीन बरण्या मोठ्या पातेल्यात ओतून एकजीव करा, पातेलं काट्यावर ठेवा आणि त्यातून उणे करत चला.